पाटीझाड

मांडवकोटला येणारा माणूस आधी कोट बघतो. बघावाच लागतो, कारण बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूरकडं जाणारी मोटार आमच्या फाट्यावर थांबली की समोर दुसरं काही दिसतच नाही. चार बुरूज, काळ्या दगडाचा तट आणि दरवाजावर सरकारचा निळा पत्रा: या वास्तूस इजा करणारास शिक्षा होईल. तो पत्रा ठोकायला आलेल्या माणसानं खिळ्यांसाठी तटाचा एक दगड फोडला, ते सोडा.

इजा मी केली, ती कोटाला नाही. म्हणून मला शिक्षाही झाली नाही. उलट पंचायत समितीच्या सभापतींनी माझ्या गळ्यात हार घातला होता. त्या हाराची गोष्ट सांगतो.

कोटाच्या पूर्वेला, नदीच्या काठानं, पांढरी पसरलेली आहे. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी, भुसभुशीत माती, टेकाडंच्या टेकाडं. कोणे एके काळी इथं मोठं गाव नांदत होतं एवढं सगळ्यांना ठाऊक. किती मोठं, कधीचं, कुणाचं, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. ती माती धाब्यावर टाकली की घर गळत नाही आणि वावरात टाकली की कपाशी जोर धरते, एवढ्यावर लोक खूश. दर उन्हाळ्यात पांढरीवर बैलगाड्यांची रांग लागायची. खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे मातीबरोबर वावरात जायचे. बायका चांगलं जाड खापर निवडून टाचा घासायला घरी न्यायच्या. एक अख्खं शहर आम्ही असं गाड्या भरभरून वावरात नेऊन टाकलं.

या पांढरीच्या मधोमध एक गोल उंचवटा होता. दोन पुरुष उंच, वरून गोलसर, बाजूंनी गवत माजलेलं. त्याला म्हणायचे पाटीझाड. कोट बांधणाऱ्या मजुरांनी काम संपलं त्या दिवशी आपापल्या पाट्या इथं झाडल्या, त्या मातीचा हा ढीग झाला, अशी गावची कथा. म्हणजे मान कोटाचा, आणि पाटीझाड ही त्याची उरलीसुरली माती. लहानपणी मला ही कथा फार आवडायची. एवढ्या पाट्या झाडायला किती माणसं लागली असतील याचा मी हिशेब करत बसायचो.

पाटीझाडाची माती मात्र कुणी नेत नसे. एक तर आत विटा होत्या, कुदळ चालत नव्हती. आणि दुसरं म्हणजे ते आमच्या घराकडं होतं. आम्ही गावकुसाबाहेरचे. गावची जी जी कामं आमच्या वाट्याला आली होती त्यांतलं हे एक, फक्त आमच्या घराचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी माझा बा, जानराव, बादलीत चुना कालवायचा. लांब बांबूला केरसुणी बांधायचा आणि पाटीझाडाला खालून वरपर्यंत चुन्याचा हात द्यायचा. बांबू अशासाठी की पाटीझाडावर पाय ठेवायचा नाही. पोरं चढली तर एरवी शांत असणारा बा दगड घेऊन धावायचा. चुना झाला की पाटीझाड उजव्या हाताला ठेवून तीन फेरे. हात जोडणं नाही, नारळ नाही, शेंदूर नाही, तोंडानं एक शब्द नाही. मग बादली पालथी घालायची, आणि कोटाच्या दाराशी जायचं.

तिथं दाराला लागून भगवानराव देशमुखांचा वाडा. बा पायरीखाली उभा राहायचा, धोतराचा सोगा पसरून. वरून चार पुरणपोळ्या सोग्यात पडायच्या. मी बाच्या मागं उभा असायचो. पोळी पडताना आवाज व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो. आणि ती पोळी मला फार आवडायची, दोन दोन दिवस मी तिची वाट बघायचो, हे सांगायला अजून लाज वाटते.

छपन्न साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मीही बरोबर होतो. आल्यावर बानं घरातला देव्हारा उचलून नदीत सोडला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि पुढच्या आखाजीला देशमुखांच्या पायरीशी गेला नाही. भगवानरावांनी माणूस पाठवला तर म्हणाला, "सांगजो, जानराव पोळी घेत नाई आता." एवढंच. माझी छाती फुगली. पण त्याच सकाळी बानं चुना कालवला होता, आणि फेरेही घातले होते. मला वाटलं, म्हातारं माणूस, सवय जायला वेळ लागेल.

पुढं मी ट्रेनिंग करून मास्तर झालो आणि बदली मागून आमच्याच गावी आलो. तेव्हा शाळा कोटाच्या नगारखान्यात भरायची, दरवाजाच्या वर. तिथं जायला बारा पायऱ्या. मी शिकलो तो सातव्या पायरीवर बसून. फळा दिसायचा नाही, ऐकू यायचं तेवढं शिकायचो. आता मी स्वतः खुर्चीवर बसत होतो आणि तरी आमच्या वस्तीतली पोरं वर आली की आपोआप पायऱ्यांवर बसायची. मी हाताला धरून आत आणायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. कोकिळा नावाची एक चुणचुणीत पोर होती, तिला विचारलं, "काऊन बसतं तू इथं?" तर म्हणाली, "माही जागा हाये गुरुजी." त्या दिवशी मी ठरवलं की ही शाळा कोटातून बाहेर काढायची. काही झालं तरी काढायची. ज्या शाळेला पायरीच नाही अशी शाळा बांधायची.

महाराष्ट्र झाला होता, जिल्हा परिषद नवीनच आली होती, आणि साहेबलोकांना कामाचा हुरूप होता. मी बुलढाण्याला सात खेपा घातल्या. शेवटी मंजुरी मिळाली: लाकूड आणि पत्रे सरकार देईल, भिंती गावानं श्रमदानानं उभ्या करायच्या, पावसाळ्याच्या आत. नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला. जागा मी पांढरीच्या कडेची निवडली, आमच्या वस्तीला आणि गावाला सारख्याच अंतरावर. विटा भाजायला ना वेळ होता ना लाकूडफाटा. मग माझी नजर पाटीझाडावर गेली. बाजूची माती जरा उकरून पाहिली तर हातभर लांबीच्या, चांगल्या खणखणीत भाजलेल्या विटा, थरावर थर. मी परवानगीला भगवानरावांकडं गेलो. पायरीखाली उभा राहिलो नाही, वर गेलो, खुर्चीत बसलो.

"न्या ना मास्तर," भगवानराव म्हणाले. "आमच्या कोटाचीच उरलेली माती हाये ते. तुमच्याच कामी येऊ द्या."

त्या 'आमच्या' शब्दानं माझं डोकं तडकलं. घरी आलो तो त्याच तावात. बा ओट्यावर दोरी वळत बसला होता.

"बा, पाटीझाड फोडाचं ठरलं," मी म्हणालो.

"काऊन?"

"शाळेले विटा पाह्यजे."

"पांढरीत दुसरीकडं विटा नाईत काय?"

"हायेत. पन फुटक्या. इथल्या अख्ख्या हायेत."

"फुटक्या घे मंग," बा म्हणाला. "आठ-पंधरा दिस जास्त लागतीन. मी येतो वेचाले."

हे त्याचं बोलणं मला आज शब्दन् शब्द आठवतं. आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न होता. पावसाला दीड महिना होता. पण मला वाटलं, बाला पाटीझाड वाचवायचंय म्हणजे त्याला त्या पायरीखालची जागा अजून सुटत नाही. कोकिळेला सातवी पायरी सुटत नाही तशी. मी म्हणालो, "पोळीसाठीच फिरत होता ना तू? पोळी बंद झाली. आता कायचे फेरे?"

बाचा हात दोरीवर थांबला. "पोळी सोडली म्या. फेरे पोळीचे नोयते."

"मंग कोनाचे?"

"ते मले माईत नाई, मास्तर." मी नोकरीला लागल्यापासून बा मला मास्तरच म्हणायचा, आधी कौतुकानं, मग सवयीनं. "माहा बाप फिरे, त्याचा बाप फिरे. पाय ठेवाचा नाई, उजव्या हाताले ठेवून फिराचं, येवढंच सांगतलं."

"दगडामातीपुढं वाकाचं नाई अशी आन घेतली आपन नागपूरले."

"मी कुठं वाकतो? मी निस्ता फिरतो."

माझी माय जनकाबाई चुलीपाशी होती, ती हसली. मला तिचं हसणंही झोंबलं. मी म्हणालो, मास्तरच्याच घरात अंधार असला तर गावाला काय उजेड दाखवू. दिव्याखाली अंधार वगैरे बरंच काही बोललो. बा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तू शिकलेला हायेस. तुहं खरं असन." आणि दोरी वळायला लागला.

काम नऊ दिवस चाललं. कधी नव्हे ते कुणबीवाडा आणि आमची वस्ती एका ठिकाणी घाम गाळत होती. देशमुखांच्या बैलगाड्या आल्या. बायका डोक्यावरून विटा वाहत होत्या आणि केसरबाई, माझी बायको, सगळ्यांना एकाच माठातलं पाणी देत होती. मला दुसरं काही दिसत नव्हतं. वरची माती निघाली तशी आतली रचना उघडी पडली. विटांची गोल भिंत, तिच्या आत आणखी एक गोल, आणि मधून सगळीकडं जाणाऱ्या आडव्या भिंती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. दर सव्वीस जानेवारीला मी फळ्यावर रंगीत खडूनं चक्र काढतो, पोरांकडून आरे मोजून घेतो. पायाखाली विटांचं तेवढं मोठं चक्र पसरलं होतं आणि मी मोजत होतो ते एका भिंतीत किती विटा निघतील ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी नऊ दिवस घातला.

आठ दिवस बा आला नाही. "मास्तरचा बाप घरी बसला," असं कुणीतरी म्हणालं, ते माझ्या कानावर आलं. नवव्या दिवशी मी घरी जाऊन त्याला घेऊन आलो. "तू नाई आला तर लोक म्हनतीन, मास्तर दुसऱ्याले सांगते अन् बाप घरी देव पुजते." बा उठला, पागोटं बांधलं आणि माझ्या मागं चालत आला. त्याला गारा तुडवायला लावला. माती, भुसा आणि पाणी यांचा चिखल पायांनी तुडवतात, त्यात विटा बसवतात. खड्डा शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीजवळच होता.

दुपारी मधल्या भिंती निघाल्या आणि अगदी मध्यभागी एक चौकोनी दगड लागला. त्याच्याखाली डबा. मऊ राखाडी दगडाचा, झाकणाचा, नारळाएवढा. 'डबा लागला' म्हणताच अर्धं गाव धावलं. कोटाचा खजिना पांढरीत पुरलाय अशी बोलवा होतीच, त्यामुळं भगवानरावही छत्री घेऊन आले. मी झाकण काढलं. आत राख होती. राखेत हाडांचे बारीक कण आणि काचेचे तीन मणी.

लोक हसायला लागले. भगवानराव म्हणाले, "कोनं तरी चिलीम झाडली वाटते," आणि छत्री फिरवून निघून गेले. मणी पोरांनी घेतले.

बा गाऱ्यातून बाहेर आला. चिखलाच्या पायांनी माझ्याजवळ आला, डब्यात डोकावला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, हे मले दे. जिथल्या तिथं पुरून येतो मी. तुही शाळा होऊ दे. येवढं मले दे."

आजूबाजूला चाळीस माणसं. बानं दोन्ही हात पसरले होते, डबा घेण्यासाठी. मला दिसला धोतराचा सोगा. देशमुखांच्या पायरीखालचा तोच माणूस मला दिसला, सगळ्या गावादेखत पुन्हा काहीतरी मागत असलेला, आणि मला त्याचा संताप आला. खरं सांगायचं तर लाज वाटली. मी डबा उचलला, गाऱ्याच्या खड्ड्यापाशी गेलो आणि आतली राख त्यात उपडी केली.

"बा, बास झालं आता," मी मोठ्यानं म्हणालो. "तुडव."

बा उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो, "तुडव ना."

तो खड्ड्यात उतरला आणि तुडवायला लागला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. तो गारा पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीच्या खालच्या थरांना लागला. संध्याकाळी बा माझ्याआधीच निघून गेला, नदीकडं जाताना दिसला.

पावसाच्या आत शाळा उभी राहिली. सपाट ओटा, पायरी एकही नाही. पहिल्या दिवशी कोकिळा पहिल्या रांगेत बसली, तेव्हा मला रडू आलं, आणि त्या रडण्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. हार घातला गेला. डबा मी धुऊन घेतला आणि टेबलावर ठेवला, खडू ठेवायला. पहिल्याच वर्षी तो एकदा खाली पडून कडेचा टवका उडाला, तेवढं सोडलं तर छान उपयोगी होता. बाजूनं काहीतरी कोरलेलं होतं. त्यात खडूची भुकटी बसून पांढरी नक्षी उठून दिसायची.

बा बदलला असं म्हणता येणार नाही. तो कामाला जायचा, नातवाला खेळवायचा, शाळेच्या झेंडावंदनाला यायचा. फक्त आखाजीला सकाळी त्याला काही काम नसायचं. त्या दिवशी तो ओट्यावर नुसता बसून राहायचा. बांबू आढ्याला टांगलेला होता, तो माझ्या मायनं पुढं कपडे वाळवायला घेतला.

चार वर्षांनी, सदुसष्टच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, नागपूरहून ठोसर नावाचे संशोधक कोट बघायला आले. बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. कोटाची मापं घेऊन झाल्यावर पाणी प्यायला शाळेत आले, तर बाहेरच थांबले. भिंतीला एका ठिकाणी गिलावा नव्हता, तिथं विटेवर बोट फिरवत उभे राहिले.

"मास्तर, या विटा कोटातल्या नाहीत."

"नाही. कोटाच्या उरलेल्या मातीचा ढीग होता, त्यातल्या."

"कोट फार तर चारशे वर्षांचा," ते म्हणाले. "या विटा दोन हजार वर्षांच्या आसपासच्या आहेत. कोटाच्या पायातही या तुमच्या पांढरीतल्याच विटा आहेत. कोट या शहराच्या उरलेल्या मालातून बांधलाय."

मी त्यांना आत आणलं. ढीग कसा होता, आत आरे कसे होते, हे मी सांगत होतो आणि ते ऐकत होते. मग त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. त्यांनी काही न बोलता डब्यातले खडू एकेक करून बाहेर काढून ठेवले, डबा खिडकीशी नेला आणि फिरवत फिरवत, पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचायला लागले. मी चार वर्षं ज्या डब्यातून खडू काढून अक्षरं शिकवत होतो, त्या डब्यावर अक्षरं होती.

"नागदिना नावाची उपासिका आहे," ते म्हणाले. "एका थेराच्या, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्खूच्या अस्थींसाठी तिनं हे दान दिलंय. आईबापांसह. तसंच लिहितात, आईबापांसह. थेराचं नाव इथं होतं, पण टवका उडालाय."

तो टवका मी झाडून बाहेर टाकला होता.

"तो ढीग म्हणजे स्तूप होता, मास्तर. जिल्ह्यात मी आजवर असा पाहिला नव्हता." मग त्यांनी भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आत काही होतं का?"

मी पश्चिमेच्या भिंतीकडं बोट दाखवलं. आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला कसं कळणार होतं," ते म्हणाले. भला माणूस होता. मला कळणार नव्हतं हे खरंच. पण आमच्या घरात एक माणूस होता, त्यालाही काही कळत नव्हतं आणि तरी तो बरोबर वागत होता. पोळी कुठली आणि फेरे कुठले हे त्यानं निवडून वेगळं केलं होतं. मी शिकून सवरून दोन्ही एकाच टोपलीत घालून फेकलं. बुद्धाची माणसं म्हणून आम्ही नागपूरला गेलो, आणि घराजवळ बुद्धाची जी एकच खूण होती, जी आमच्याच घरानं किती पिढ्या पाय न लावता जपली, ती मी फोडली.

ठोसर डबा घेऊन गेले. मी पावती घेतली आणि घरी कुणाला काही बोललो नाही.

बोलावं कसं, हाच घोळ होता. बाला सांगायला हवं होतं की तू उगाच फिरत नव्हतास, तुझा बाप, आजा, कुणीच उगाच फिरत नव्हते. हे ऐकायचा त्याचा हक्क होता. पण ते सांगितलं की पुढचं आलंच. ज्यावर आयुष्यभर पाय ठेवला नाही त्यातली अस्थी माझ्या सांगण्यावरून त्यानं पायांनी तुडवली, हेही त्याला कळणार. निम्मं सांगता आलं असतं. साहेब राखही नागपूरला घेऊन गेले असं म्हणता आलं असतं. मी महिना-दीड महिना घोळत राहिलो. झोप लागेना. आज वाटतं, मी शेवटी सगळं सांगितलं ते त्याच्यासाठी नाही. मला ते पेलवत नव्हतं म्हणून सांगितलं.

आखाजी आली. सकाळी बा ओट्यावर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि डब्यावरचा लेख सांगितला, स्तूप सांगितला, नागदिना सांगितली.

बा म्हणाला, "म्हंजे कोनी होतं तिथं."

"हाव."

"अन् उजव्या हाताले ठेवून फिराचं, ते?"

"तसंच फिरतेत बा. सगळीकडं तसंच फिरतेत म्हने."

बा हसला. दात पडलेलं, पोरासारखं हसू. "जनके," त्यानं आत हाक मारली, "माहा आजा येडा नोयता वो."

इथं थांबायला हवं होतं मी. पण बानंच विचारलं, "ते राख, मास्तर? डब्यातली?"

"भिक्खूची अस्थी होती," मी म्हणालो. "मी गाऱ्यात टाकली. अन् तुह्या पायानं..."

बानं खाली पाहिलं. ओट्यावरून पाय सोडून बसला होता. भेगाळलेले, मोठे पाय. तो त्यांच्याकडं इतका वेळ बघत राहिला की माय बाहेर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता तो मला शिवी देईल. मी तिची वाट बघत होतो.

"त्या दिशी मी नदीवर गेलो," बा म्हणाला. "घोट्यापर्यंत गारा वाळला होता. निंघे ना. मंग खापर घेतलं अन् घासून घासून धुतले म्या पाय. पार नखं साफ केली. धुवाले नोयते पाह्यजे."

"बा, चूक माही हाये. म्याच म्हनलं तुडव."

"ते तू म्हनलं. पन धुतले तं म्या. माह्या पायाले होतं ते, अन् म्या घासून काढलं." मग त्यानं विचारलं, "मास्तर, आपल्या नदीचं पानी जाते कुठं?"

मी मास्तर. रोज नकाशावर काठीनं दाखवतो. "पूर्णेत जाते," मी म्हणालो. "पूर्णा तापीत. तापी समुद्रात."

"मंग लय दूर गेलं," बा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही पाय वर, ओट्यावर, पोटाशी घेतले.